आतड्याचे अस्तर आणि मल्टिपल स्क्लेरोसिस

प्रश्न : माझ्या धाकट्या बहिणीला मल्टिपल स्क्लेरोसिस असून तिचे औषध सुरू आहे. एका आहारसल्लागारांच्या मते या आजाराचे मूळ ‘लीकी गट’ म्हणजे झिरपणारे आतडे आहे. त्यांनी रक्तातील झोन्युलिनची (आतड्याचे अस्तर सैल करणाऱ्या प्रथिनाची) तपासणी, ग्लुटेन (गव्हातील प्रथिन) बंद आणि पूरक गोळ्या सुचवल्या असून आतडे सुधारले की औषध सोडता येईल, असे ते म्हणतात. यात कितपत तथ्य आहे? – एक वाचक, सांगली

उत्तर : आतडे आणि हा आजार यांचा संबंध काल्पनिक नाही, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र घाईचा आहे.

आतड्याचे अस्तर पेशींच्या एकाच थराचे असते आणि शेजारच्या पेशींना घट्ट जखडून ठेवणारे प्रथिनांचे सांधे सैल झाले, तर जिवाणूंचे अंश आत शिरून रोगप्रतिकारक पेशींना चिथावू शकतात. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये अशाच चिथावलेल्या पेशी मेंदू व मज्जारज्जूतील चेतातंतूंवरच्या मायलिन या आवरणावर हल्ला करतात. जर्मनीत २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एकाला आजार आणि दुसऱ्याला नाही अशा ३४ एकसारख्या जुळ्यांच्या जोड्या निवडल्या होत्या. त्यांतील आजारी भावंडांच्या आतड्यातले जिवाणू या आजाराकडे जनुकीय कल असलेल्या उंदरांना दिल्यावर, निरोगी भावंडांचे जिवाणू मिळालेल्या उंदरांपेक्षा त्यांच्यात आजार अधिक प्रमाणात दिसला. मात्र स्वीडनमधील संशोधकांना २०१४ साली असेही आढळले की मायलिनवर हल्ला करणाऱ्या टी पेशी (एक प्रकारच्या रोगप्रतिकारक पेशी) उंदरांना टोचल्या, तरी त्यांच्या आतड्याचे अस्तर बिघडते. म्हणजे बिघडलेले आतडे कारणही असू शकते आणि परिणामही. ‘मूळ’ हा शब्द येथे टिकत नाही. एपस्टाइन-बार विषाणूच्या संसर्गामुळे हा आजार होतो याचा पुरावा तर याहून कितीतरी भक्कम आहे.

झोन्युलिनच्या तपासणीवर पैसे खर्च करू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. बाजारात मिळणारे काही किट झोन्युलिन न मोजता भलतीच प्रथिने मोजतात, हे २०१८ नंतरच्या अभ्यासांत दिसून आले आहे. शिवाय आकडा काहीही आला, तरी त्यावरून या आजाराचे उपचार ठरत नाहीत.

औषध कोणत्याही परिस्थितीत परस्पर थांबवू नये. फिंगोलिमोड किंवा नॅटॅलिझुमॅब ही या आजाराची औषधे अचानक बंद केल्यावर आजार पूर्वीपेक्षा जोराने उसळल्याची उदाहरणे नोंदलेली आहेत. प्रोपिओनेट या मेदाम्लावर जर्मनीत जे आशादायक प्रयोग झाले, तेही बहुतांशी औषधांना जोड म्हणून. चोथायुक्त आहारातून आतड्यातले जिवाणू हे मेदाम्ल स्वतःच तयार करतात, त्यामुळे भाकरी, उसळी आणि पालेभाज्या बहिणीने जरूर खाव्यात. धूम्रपान असल्यास ते सोडणे आणि ड जीवनसत्त्वाची पातळी पाहून घेणे, हे त्या पूरक गोळ्यांपेक्षा अधिक उपयोगाचे.

ग्लुटेन सोडायचेच असेल, तर त्याआधी ग्लुटेनमुळे आतड्याला इजा करणाऱ्या सिलिअ‍ॅक आजाराची रक्ततपासणी करून घ्यावी, कारण गहू बंद केल्यावर तिचा निकाल विश्वासार्ह राहत नाही.