नवी लेन्स घेण्याआधी

नवी लेन्स घेण्याचा विचार तूर्त बाजूला ठेवा आणि तुमच्याकडे आहे तीच ५० मिमीची लेन्स घेऊन महिनाभर दर रविवारी पहाटे दादरच्या फुलबाजारात जा. तिथे मोगऱ्याच्या ढिगाचा जवळून फोटो काढलात, की पांढरीशुभ्र फुले करडी उतरलेली दिसतील. कॅमेऱ्यातले प्रकाश मोजणारे मीटर समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करड्या छटेचे आहे असे धरून चालते, म्हणून अशा वेळी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो मीटरच्या हिशेबापेक्षा उजळ किंवा गडद करण्याची सोय) +१ करून पाहावे आणि हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या गडद-उजळ छटांचा आलेख, उजव्या म्हणजे उजळ कडेला कापला जात नाही ना, याची खात्री करून घ्यावी. डोक्यावर पाटी घेऊन लगबगीने जाणारा हमाल स्पष्ट हवा असेल, तर शटरचा वेग १/२५० सेकंदाहून संथ ठेवू नका. त्यासाठी आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) ३२०० पर्यंत न्यावा लागला तरी हरकत नाही, कारण त्याने फोटोत येणारे थोडे दाणे खपतात, हललेला चेहरा खपत नाही. फुलवाल्या मावशींना आधी विचारावे, हे वेगळे सांगायला नकोच.

पावसाळ्यात मात्र कॅमेरा बॅगेत कोंबून कपाटात ठेवू नका. माझ्या एका लेन्सच्या आतल्या काचेवर अशाने बुरशीची जाळी चढली होती. सिलिका जेल घातलेला हवाबंद डबा पुरतो.