रियाधच्या रेसलमेनियासाठी भिशी आधी उचलावी का?

बेळगावजवळच्या पिरनवाडीहून एका वाचकाचं पत्र आलंय. वय २७, उद्यमबागेतल्या कारखान्यात सीएनसी ऑपरेटर, हातात पडणारा पगार ३१ हजार. घरी आई, तिला साखरेचा त्रास. वडील नाहीत. एका सौहार्द सहकारी सोसायटीत ११ टक्क्यांनी ठेवलेले १ लाख ६० हजार आहेत. कामावरच्या बारा जणांची महिना १० हजारांची भिशी चालू आहे, तिचे चार हप्ते झालेत. रेसलमेनिया, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकी कंपनीचा कुस्त्यांचा वर्षातला सगळ्यात मोठा शो, २०२७ मध्ये सौदीतल्या रियाधला होणार अशी घोषणा सप्टेंबर २०२५ मध्ये झाली, आणि तेव्हापासून यांची झोप उडालीय. मुंबईचा एक एजंट अडीच लाखांचं पॅकेज देतोय, ५० हजार आगाऊ, परत न मिळणारे. भिशी आता बोली लावून उचलू, उरलेले पर्सनल लोन काढून भरू, असा बेत आहे. शेवटी लिहिलंय, "सर, घरचे म्हणतात खोट्या मारामारीसाठी कर्ज काढायलास काय? तुम्हीच सांगा."

आधी त्या 'खोट्या' शब्दाचं बघू. माझी मतं याबाबतीत निष्पक्ष नाहीत. शाळेत असताना या पैलवानांच्या ट्रम्प कार्डांचा एक जोड माझ्या दप्तरात कायम असायचा. उंची, वजन, छाती, लढलेल्या कुस्त्या, जिंकलेल्या कुस्त्या, आणि रँक. अंडरटेकरला सात जीव आहेत यावर आमचा वर्ग ठाम होता. २००७ मध्ये खलीनं वर्ल्ड हेवीवेटचा पट्टा उचलला तेव्हा मी नोकरीला लागलो होतो, तरी चहाच्या टपरीवर दोन दिवस तोच विषय. निकाल आधी ठरलेला असतो हे आम्हाला तेव्हाही माहीत होतं. नाटकाचा शेवट नाटककारानं ठरवलेला असतो म्हणून कोणी तिकिटाचे पैसे परत मागत नाही. तेव्हा खर्च कशावर करायचा हा तुमचा प्रश्न, त्यात मी पडणार नाही. पैसा कुठून आणायचा, एवढंच माझं काम.

आता भिशी. बोलीत जो सगळ्यात जास्त रक्कम सोडायला तयार होतो, त्याला त्या महिन्याची भिशी मिळते. तुम्ही लिहिलंय की या महिन्यात २४ हजार सोडले तर बोली तुमच्या नावावर बसेल. म्हणजे १ लाख २० हजारांऐवजी हातात ९६ हजार. सोडलेली रक्कम बारा जणांत वाटली जाते, त्यातला तुमचा हिस्सा २ हजार परत येतो, म्हणून खरा तोटा २२ हजारांचा. पुढचे आठ हप्ते तर भरायचेच आहेत. तीच भिशी शेवटपर्यंत ठेवली तर कोणी बोली लावणारा उरत नाही आणि १ लाख २० हजार पुरे मिळतात. म्हणजे रियाध बाजूलाच राहिलं, नुसत्या घाईचे २२ हजार झाले. शेवटचा नंबर घेणाऱ्याला चालकावर सगळ्यात जास्त भरवसा ठेवावा लागतो, हे खरं. पण सहा वर्षं तीच माणसं, तोच चालक, एकदाही भिशी बुडाली नाही असं तुम्हीच लिहिलंय.

लोनचं गणित याहून वाईट आहे. भिशीला हात न लावता सगळे अडीच लाख लोननंच काढायचे म्हटले, तर १४ टक्के, तीन वर्षं: हप्ता ८,५४५ च्या आसपास, एकूण व्याज ५७ हजारांवर. भिशीचे १० हजार आणि हा हप्ता मिळून साडेअठरा हजार. ३१ हजारांतून उरले साडेबारा. त्यात घर, आईची औषधं, गाडीचं पेट्रोल. शो संपेल दोन रात्रींत, आणि त्यानंतरचे दोन रेसलमेनिया तुम्ही मोबाईलवर बघत असाल तेव्हाही पहिल्याचा हप्ता कापला जात असेल. लोन नको, यावर माझ्याकडून चर्चा नाही.

पॅकेजचं जे पत्रक तुम्ही फोटो काढून पाठवलंत, ते मी मोठं करून वाचलं. वर सोनेरी अक्षरांत 'रिंगजवळून थरार', आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरांत 'शोची तिकिटं उपलब्धतेनुसार'. म्हणजे विमान आणि हॉटेल पक्कं, आणि ज्यासाठी जायचं तेच अधांतरी! '९० टक्के जागा संपल्या' असंही आहे. या धंद्यात आकडा फुगवण्याची परंपरा जुनी आहे. १९८७ मध्ये पोन्टिअॅकला होगन आणि आंद्रेची लढत झाली, तिथली कंपनीनं सांगितलेली गर्दी ९३,१७३. त्या आकड्यावर आजही वाद आहे. एजंटच्या टक्केवारीवर तुम्ही का विश्वास ठेवता?

आगाऊ पैसे न देण्याचं याहून मोठं कारण आहे. २०२६ चा रेसलमेनिया न्यू ऑर्लिन्सला होणार असं २०२५ च्या सुरुवातीला जाहीर झालं होतं. काही महिन्यांतच तो लास व्हेगासला हलवला, तारखाही आठवडाभर पुढे गेल्या. २०२० मध्ये टॅम्पाचं स्टेडियम ठरलं होतं. कोरोना आला आणि ऑरलँडोच्या प्रशिक्षण केंद्रात एकही प्रेक्षक नसताना कुस्त्या झाल्या. शो १९८५ पासून एकाही वर्षी चुकलेला नाही, पण जागा आणि तारीख हलू शकते. म्हणून तारीख, ठिकाण आणि तिकीट तिन्ही हातात येईपर्यंत परत न मिळणारा एक रुपयाही सोडू नका.

तुमच्या बाजूनंही बोलतो. हैदराबादला ८ सप्टेंबर २०२३ ला शो झाला, जॉन सीना प्रत्यक्ष रिंगमध्ये उतरला, आणि तुम्ही सेकंड शिफ्टला होतात. १३ डिसेंबर २०२५ ला वॉशिंग्टनमध्ये गुंथरसमोर हार मानून सीना निवृत्त झाला. "आता तो कधीच दिसणार नाही" हे तुमचं वाक्य मी दोनदा वाचलं. त्यात रेसलमेनिया उत्तर अमेरिकेबाहेर आजवर गेलेला नाही. मुंबईहून काही तासांच्या अंतरावर तो परत कधी येईल, कुणास ठाऊक. माझं मत विचाराल तर जा. पण अडीच लाखांत जाऊ नका.

माझा हिशेब असा, सगळे आकडे अंदाजाचे. मुंबईहून जाण्यायेण्याचं विमान ४० हजार. चार रात्रींची खोली दोघांत, तुमचा वाटा २० हजार. दोन्ही रात्रींची तिकिटं ५० हजार, यापेक्षा महाग जागा घ्यायची नाही. व्हिसा आणि प्रवास विमा १५ हजार. खाणं-फिरणं १५ हजार. रियाधला २०२४ च्या शेवटी मेट्रो सुरू झालीय, त्यामुळे टॅक्सी कमी लागेल. बेळगाव-मुंबई ५ हजार. बेरीज १ लाख ४५ हजार, आणि वर १५ हजार हाताशी, म्हणजे १ लाख ६०. भिशीचे १ लाख २० शेवटी येतील. उरलेले ४० हजार म्हणजे आठ महिने दर महिना ५ हजारांचं आरडी. तिकीटविक्री आधी उघडली तर शेवटून दुसरा किंवा तिसरा नंबर घ्या, तोवर बोली हजार-दोन हजारांवर आलेली असते.

वरचे १५ हजार उगाच धरलेले नाहीत. रियाध म्हणजे डॉलरपासून सुटका, असा तुमचा समज दिसतो. रियाल १९८६ पासून डॉलरला ३.७५ च्या भावानं बांधलेला आहे. रुपया डॉलरपुढे घसरला की रियालपुढेही तेवढाच घसरतो. तिकीट क्रेडिट कार्डावर काढाल तर बहुतेक बँका परकीय चलनावर साडेतीन टक्क्यांपर्यंत जादा लावतात, त्यावर जीएसटी. पन्नास हजारांमागे दोन हजार गेले समजा. पॅकेज घेतलंच तर त्यावर टीसीएसही, म्हणजे एजंटनं आधीच वसूल केलेला प्राप्तिकर, कापला जातो. ते पैसे बुडत नाहीत, पण सोडवायला विवरणपत्र भरावं लागतं. आणि वर्षात परदेश प्रवासावर २ लाखांच्या वर खर्च झाला, तर उत्पन्न करपात्र नसलं तरी विवरणपत्र भरणं सक्तीचंच आहे.

जे तुम्ही विचारलं नाही तेच मला जास्त टोचलं. ती सोसायटीतली ठेव. ११ टक्के ऐकायला गोड वाटतात. पण बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं, सौहार्द किंवा पतसंस्थेतल्या ठेवीला ते नसतं. माझ्या वडिलांचे ४० हजार अशाच एका सोसायटीत सात वर्षं अडकले होते. कुठल्या ते सोडा. दर सोमवारी ते पासबुक घेऊन जायचे, आणि काउंटरवरची मुलगी त्यांना खुर्ची द्यायची, पाणी द्यायची, पैसे मात्र नाहीत. मुदत संपली की ती रक्कम काढा. मुदतीआधी मोडल्यावर व्याज किती कापतात ते विचारा. एखादा टक्का जात असेल तर आजच मोडा.

पण तो पैसा रियाधचा नव्हे, आईचा. तुमचा पगार २१ हजारांच्या वर गेला तेव्हाच ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, सुटलं, आणि त्याजागी तुम्ही काहीच घेतलेलं नाही. दोघांचा आरोग्य विमा काढा. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटीही नाही. साखरेचा आजार फॉर्मवर लिहा, लपवू नका, नाहीतर ऐन वेळी क्लेम अडकतो. हप्ता जाऊन जे उरेल ते राष्ट्रीयीकृत बँकेत आईच्या नावासह ठेवा. तुम्ही रियाधला असताना ती दवाखान्यात गेली तर शेजाऱ्यांना हात पसरावा लागू नये.

जागेबद्दल एक चाहता म्हणून सांगतो. पन्नास हजारांत रिंगजवळची खुर्ची मिळेल असं धरू नका. वरच्या मजल्यावरून पैलवान अंगठ्याएवढा दिसतो आणि माणूस शेवटी मोठ्या पडद्याकडेच बघतो. कॉमेंट्री ऐकू येत नाही. आनंदवाडीच्या मैदानात मातीपासून दहा हातांवर बसून, हलगीच्या तालावर कुस्ती बघायची सवय असलेल्याला पहिला अर्धा तास चुकल्यासारखं वाटेल. मग एखाद्याचं संगीत सुरू होतं आणि सगळं स्टेडियम एका आवाजात गाऊ लागतं. ते मोबाईलवर येत नाही. २०१४ मध्ये रेसलमेनियात एकवीस वेळा अजिंक्य राहिलेल्या अंडरटेकरला लेसनरनं हरवलं आणि पडद्यावर २१-१ झळकलं, तेव्हा तोंडावर हात ठेवून उभे राहिलेले ते प्रेक्षक आठवतात ना? त्यातले बरेचसे स्वस्त जागेवरचेच असणार.

पासपोर्ट अजून नाही म्हणता. साध्या पासपोर्टची फी १,५०० रुपये. सध्या एवढाच खर्च करा, आणि तो या आठवड्यात करा. एजंटला सांगा की तिकीट दाखवल्यावर बोलू.

आणि सुपरवायझरकडे रजेचा विषय आताच काढून ठेवा. हैदराबाद तुमचं पैशापायी चुकलं नव्हतं, सेकंड शिफ्टपायी चुकलं होतं.