क्रोन्स असताना वजनाचं ऑपरेशन करावं का?

प्रश्न (खानापूर): डॉक्टर, माझ्या धाकट्या भावाला क्रोन्स, म्हणजे आतड्याला सूज येणारा जुनाट आजार, आहे. वय ३६, उंची ५ फूट ६ इंच, वजन ११२ किलो. स्टिरॉइड चालू होतं तेव्हा लय वाढलं ते परत उतरलंच नाही. बेळगावात एका डॉक्टरांनी वजन उतरवायला स्लीव्ह, म्हणजे जठर लहान करायचं ऑपरेशन सांगितलंय, कोल्हापुरात दुसऱ्यांनी जठराचं बायपास, आणि आई म्हणते पोटाचाच आजार असताना पोटावरच कशाला कापाकापी. भावाला वाटतंय ऑपरेशननं क्रोन्स पण जाईल. खरं काय ते सांगा. तो सिगरेट ओढतो, आईला माहीत नाही, नाव छापू नका.

उत्तर: नाव छापलेलं नाही अक्का, पण आई हे पान वाचत असतील तर सिगरेटचं आता कळलंच असणार, आणि कळलं ते बरंच झालं, कारण सिगरेटनं क्रोन्स वाढतो आणि बायपासनंतर तर जठर आणि आतडं जोडतात त्या जागी अल्सर व्हायची भीती असते. आधी ती बंद.

क्रोन्स जाईल हे मात्र डोक्यातनं काढायला सांगा. पोटातली चरबी सूज वाढवणारी रसायनं सोडत असते, त्यामुळं वजन उतरल्यावर काहींना आराम पडतो, पुढं आतड्याचं ऑपरेशन लागलंच तर ते पण सोपं जातं. पण औषधं चालूच राहणार.

बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, ४० च्या आसपास येतोय, म्हणजे ऑपरेशनचा विचार चुकीचा नाही. प्रश्न कुठलं करायचं हा आहे, आणि क्रोन्समधे बहुतेक सर्जन स्लीव्हकडंच झुकतात, मी पण. स्लीव्हमधे जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग काढतात, आतड्याला हात लावत नाहीत. बायपासमधे जठराचा छोटा भाग वेगळा करून त्याला लहान आतडं कापून वळवून जोडतात, बाकीचं जठर बाजूला टाकतात, आणि क्रोन्सवाल्याचं तेच आतडं कधी आजारी पडेल, कधी तुकडा काढावा लागेल सांगता येत नाही, मग उरलेलं कमी पडलं तर खाल्लेलं अंगी लागत नाही. शिवाय बाजूला टाकलेल्या जठरात नेहमीची दुर्बीण पोचत नाही. स्लीव्हचा तोटा म्हणजे जळजळ वाढू शकते आणि काढलेलं जठर परत बसवता येत नाही.

घाई करू नका. आजार शांत पाहिजे, स्टिरॉइड बंद झालेलं पाहिजे, नाहीतर जखम भरायला उशीर लागतो आणि टाके गळायची भीती वाढते. स्टिरॉइड एकदम सोडायचं नसतं, हळूहळू उतरवायचं, आणि ते काम पोटाच्या डॉक्टरांचं. ते आणि सर्जन एकमेकांशी बोललेत का हे तुम्ही स्वतः विचारा, कारण पुष्कळदा एकाच्या चिठ्ठीतलं दुसऱ्यानं बघितलेलंच नसतं. पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून इंजेक्शन देणार का ते पण विचारा, क्रोन्समधे तो धोका मुळातच जास्त.

बी१२ तर तपासाच. ते लहान आतड्याच्या शेवटच्या भागात शोषलं जातं, क्रोन्स बऱ्याचदा तिथंच बसतो, आणि वर जठर लहान केल्यावर अजून कमी, म्हणून इंजेक्शन लागू शकतं. लोह आणि डी जीवनसत्त्व पण बघत राहायचं. गुडघा दुखला म्हणून मेडिकलमधनं डायक्लोफिनॅक आणून खायचं नाही.

प्रश्न (निपाणी): मला अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज येऊन जखमा होणारा आजार, आहे. स्लीव्ह होऊन पाच महिने झाले, वजन उतरलंय पण आता दिवसातनं सहा-सात जुलाब होतायत. आजार उसळला की ऑपरेशनमुळं?

उत्तर: दोन्ही होऊ शकतं, नुसतं ऐकून कुणी सांगू नये. रक्त पडतंय, रात्री झोपेतनं उठावं लागतंय, ताप आहे, तर आजाराकडं संशय जातो. कुंदा किंवा गोड चहा घेतल्यावर थोड्या वेळात घाम, धडधड आणि मग जुलाब असं असेल तर अन्न आतड्यात फार लवकर उतरतंय, तेव्हा गोड कमी करून थोडं थोडं खायचं आणि पाणी जेवणाबरोबर नको. संडासची तपासणी करा, कॅल्प्रोटेक्टिन (आतड्यातली सूज दाखवणारी) आणि इन्फेक्शन दोन्हीची, गरज वाटली तर डॉक्टर दुर्बीण घालतील. रिपोर्ट येईपर्यंत मेसालामाइन (कोलायटिसचं औषध) मनानं सोडू नका, आणि कपाटात उरलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्या पण मनानं सुरू करू नका. रक्त जास्त पडत असेल, चक्कर येत असेल तर मात्र रिपोर्टची वाट बघायची नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठा.