मोफत ईएमआय कॅल्क्युलेटर आणि क्रेडिट स्कोअर देणाऱ्या वेबसाइटवर विश्वास ठेवावा का? त्यांना यातून काय मिळते?

त्यांच्या गणितावर ठेवावा, शिफारशीवर ठेवू नये. एवढे लिहून थांबता आले असते, परंतु आमच्या घरात नेमक्या याच विषयावर २०१८ पासून वाद चालू आहे आणि त्यात मला अजूनही ‘मोबाइलवर बघून शहाणपण शिकवणारा’ असे म्हटले जाते.

त्या वर्षी धाकट्या भावाला भाजीच्या वाहतुकीसाठी सेकंडहँड पिकअप घ्यायची होती. आमचे दाजी ओळखीतल्या एका वाहनकर्ज कंपनीच्या एजंटाला घरी घेऊन आले. बँक अकरा टक्के घेते, आम्ही फक्त आठ टक्क्यांनी देतो, असे सांगून त्याने खिशातल्या एका जुन्या पावतीच्या मागे लिहिले : पाच लाख, आठ टक्के, साठ हप्ते, हप्ता ११,६६७. जामीनदार म्हणून सही माझी लागणार होती, म्हणून रात्री मी हेच आकडे एका मोफत कॅल्क्युलेटरमध्ये भरले, तर हप्ता आला १०,१३८. दीड हजाराचा फरक दाजींना दाखवला, तेव्हा ते म्हणाले, “फुकटच्या वेबसाइटवर असलेच आकडे येणार.” खरे सांगायचे तर त्या रात्री मलाही तसेच वाटले.

सकाळी मी उलटा हिशेब केला. रक्कम आणि मुदत तीच ठेवून व्याजदराची पट्टी हप्ता ११,६६७ च्या जवळ येईपर्यंत हळूहळू सरकवत नेली. ती १४.१ टक्क्यांवर येऊन थांबली. एजंटाचे आठ टक्के ‘फ्लॅट’ होते, म्हणजे मुद्दल दरमहा फिटत असूनही व्याज पाचही वर्षे पूर्ण पाच लाखांवर आकारलेले होते. ते होते दोन लाख. बँकेचे अकरा टक्के मात्र उरलेल्या मुद्दलावर असतात आणि त्या दराने हप्ता १०,८७१ होतो. महिन्याला ७९६ रुपये, म्हणजे साठ हप्त्यांत सुमारे पावणेअठ्ठेचाळीस हजारांचा फरक. दाजींचे उत्तर एकच होते, की आठ हा आकडा अकरापेक्षा लहान असतो आणि हे शाळेतल्या पोरालाही कळते. गाडीचा विसार देऊन झालेला असल्याने भावाने सही केली आणि जामीनदार म्हणून मीही केली.

आता त्यांना काय मिळते, हे पाहू. कर्जे आणि क्रेडिट कार्डे यांची तुलना दाखवणाऱ्या बहुतेक वेबसाइटचे उत्पन्न बँका आणि वित्तसंस्थांकडून मिळणाऱ्या कमिशनमधून येते. म्हणूनच ‘तुमच्यासाठी सर्वोत्तम’ या मथळ्याखालची यादी मी जाहिरात समजून वाचतो. हप्त्याचे गणित करायला पॅन किंवा मोबाइल क्रमांक लागत नाही. तो मागितला गेला की समजावे, की साधन संपले आणि दुकान सुरू झाले. मोफत स्कोअरच्या मोहात मी त्याच आठवड्यात दोन्ही देऊन संमतीच्या चौकटीत खूण केली, आणि मग जेवायला बसले की वैयक्तिक कर्ज हवे का, असे विचारणारे फोन येऊ लागले. अखेर जाहिरातीचे फोन थांबवण्यासाठी असलेल्या १९०९ या क्रमांकावर नोंदणी केली, त्यानंतर ते बरेच कमी झाले. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या, कर्जफेडीच्या नोंदींवरून स्कोअर ठरवणाऱ्या चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा त्या नोंदींचा संपूर्ण अहवाल मोफत द्यायचा असतो, त्यामुळे तो थेट त्यांच्याकडून घ्यावा. स्वतःचा अहवाल पाहिल्याने स्कोअर घटत नाही. गुंतवणुकीचे हिशेब करायचे असतील, तर शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीच्या गुंतवणूकदारांसाठीच्या संकेतस्थळावर कॅल्क्युलेटर आहेत आणि तेथे कोणी काही विकायला बसलेले नाही.

एक गोष्ट मान्य केली पाहिजे. कॅल्क्युलेटरमध्ये प्रोसेसिंग फी आणि कर्जासोबत गळ्यात मारलेला विमा धरलेला नसतो, त्यामुळे खरा दर तेथे दिसतो त्याहून जास्तच निघतो. शिवाय भावाकडे आयकर विवरणपत्रे नसल्याने बँकेने जुन्या गाडीला अकरा टक्क्यांनी कर्ज दिले असते की नाही, याची मला खात्री नाही. म्हणजे कर्ज एजंटाच्या कंपनीकडूनच घ्यावे लागले असते, असे दाजींनी म्हटले असते तर मी वाद घातला नसता. ते म्हणाले, की ते कर्ज स्वस्त आहे.

१ ऑक्टोबर २०२४ पासून अशा नव्या कर्जांसाठी ग्राहकाला ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ देणे बंधनकारक झाले आहे आणि त्यात सगळा खर्च धरून वार्षिक दर छापावा लागतो. तुम्ही कर्ज घेणार असाल, तर सहीपूर्वी तो कागद मागून घ्या आणि त्यातला हप्ता कोणत्याही फुकटच्या कॅल्क्युलेटरमध्ये पडताळून पाहा. आमच्या वेळी ती पावतीच होती. ती माझ्या फाइलमध्ये अजून आहे, आणि दाजी हे वाचत असतील, तर झेरॉक्स पाठवायला मी तयार आहे.