"सातत्यच नाही हो माझ्यात!"

जानेवारी सरत आला की आणि दिवाळीचा फराळ संपला की, वर्षातून या दोन वेळी माझ्याकडे एक वाक्य हमखास ऐकू येतं. "मॅडम, कळतं सगळं, पण सातत्यच नाही हो माझ्यात." व्यायाम होत नाही म्हणून समुपदेशकाकडे कुणी येत नाही. लोक येतात ते झोप लागत नाही म्हणून, चिडचिड होते म्हणून, मुलांच्या दहावी-बारावीचा ताण येतो म्हणून. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत मात्र हे बाहेर पडतं, तेही मान खाली घालून. अशा पुष्कळ जणांच्या वतीने एकीची हकिगत सांगते. नाव सांगत नाही, आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशीलही बदलले आहेत.

बाई पंचेचाळिशीच्या. घर मुलुंडला, नोकरी बॅलार्ड इस्टेटमध्ये, हिशेब खात्यात. घरी सासूबाई, नवरा आणि बारावीतली मुलगी. एचबीए१सी, म्हणजे रक्तातल्या साखरेची गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी, ६.१ आलं होतं. ५.७ ते ६.४ हा डायबेटिसच्या उंबरठ्याचा टप्पा, तेव्हा डॉक्टरांनी हालचाल वाढवायला सांगितलं. मग बाईंनी काय काय करून पाहिलं नव्हतं! जिमचे वर्षाचे पैसे भरले, पहाटे पाचला उठून चालायला लागल्या, एकदम पंचवीस सूर्यनमस्कारांपासून सुरुवात केली, मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ बांधलं. प्रत्येक गोष्ट दोन-तीन आठवडे अगदी कडक चालायची. मग सासूबाईंना ताप यायचा, नाहीतर मार्च एंड यायचा. एक दिवस बुडायचा आणि तिथेच सगळं थांबायचं.

"एक दिवस बुडाला. दुसऱ्या दिवशी का नाही गेलात?"

"आता काय उपयोग, असं वाटतं. करायचं तर नीट करावं, नाहीतर कशाला?"

"नीट म्हणजे?"

"रोज. तासभर. एकही खाडा नाही."

"हे कुणी ठरवलं?"

त्या जरा थांबल्या. "असंच असतं ना?"

मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांवर पोसलेली आहे, हे माझ्याकडे येणाऱ्यांना लवकरच कळतं. १९५०च्या दशकात त्यांनी मांडलेली मानसोपचाराची विवेकनिष्ठ पद्धत आपल्याकडे कि. मो. फडके यांनी मराठीत पोचवली. त्यातली मला सगळ्यात उपयोगी वाटणारी गोष्ट एवढीच, की इच्छा वेगळी आणि हट्ट वेगळा. 'रोज व्यायाम झाला तर बरं' ही इच्छा. ती फसली तर चुटपुट लागते, आणि उद्या पुन्हा करता येतं. 'झालाच पाहिजे' हा हट्ट. तो फसला की माणूस स्वतःलाच नालायक ठरवून मोकळा होतो, आणि ज्या गोष्टीपायी आपण नालायक ठरतो तिच्या वाटेला मन पुन्हा जात नाही. स्वतःला आळशी म्हणवणारी जी माणसं मी पाहिली, त्यांतली बरीचशी स्वतःशी फार कडक वागणारी निघाली.

हे सगळं मी बाईंना सांगितलं का? नाही. सांगून मान डोलावली जाते, पुढे काही घडत नाही. मी विचारलं, "कुठली गोष्ट तुमच्याकडून वर्षानुवर्षं रोज होते?"

"कुठलीच नाही." मग थोड्या वेळाने, "पूजा. सासूबाईंचे गुडघे गेले तेव्हापासून माझ्याकडेच आहे."

"रोज सगळी करता?"

"छे हो! रविवारी साग्रसंगीत. देवांना आंघोळ, फुलं, आरती. एरवी उरकते. आणि साडेआठची फास्ट चुकणार असेल तर नुसता दिवा लावते, हात जोडते आणि पळते."

"म्हणजे त्या दिवशी पूजा बुडते."

"बुडते कशी? दिवा लावला ना!"

हे त्या जवळजवळ रागावून म्हणाल्या. मी काहीच बोलले नाही. अशा वेळी सल्ला अगदी जिभेवर आलेला असतो आणि तो गिळणं हेच आमच्या कामातलं सगळ्यात अवघड कसब आहे. त्या दिवशी ते मला साधलं याचं समाधान अजून आहे. बाई माझ्याकडे पाहत राहिल्या, मग हसायला लागल्या. "म्हणजे व्यायामाचाही नुसता दिवा लावायचा?"

हे वाक्य त्यांचं. त्यांच्या परवानगीने मी ते आता इतरांनाही सांगते.

मग आम्ही त्यांचा 'दिवा' ठरवला. सकाळी गॅसवर चहाचं आधण ठेवलं की ओट्याच्या कडेला हात टेकून उभ्याउभ्या सात-आठ दंड, आणि खुर्चीवरून हात न टेकता दहा उठाबशा. चहा उतू जायच्या आत संपणारं. एवढंच का? कारण हे माप सगळ्यात वाईट दिवसाचं आहे. आपण ठरवतो ते उत्साहाच्या दिवशी, १ जानेवारीला, आणि पाळायचं असतं ते डोकं दुखत असताना, पाहुणे आलेले असताना. जास्त करावंसं वाटलं तर जरूर करा, पण ती रविवारची पूजा समजा. ती झाली नाही म्हणून काही बुडत नाही.

दुसरी अट भरपाई न करण्याची. काल राहिलं म्हणून आज दुप्पट करायचं नाही. दुप्पट केलं की अंग दुखतं आणि परवाही राहतं.

"एवढ्याने काय होणार?" हा प्रश्न बाईंनी विचारला आणि तुमच्याही मनात असेल. दोन मिनिटांच्या उठाबशांनी साखर उतरेल असं मी म्हणत नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम दमाची हालचाल आणि किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम सांगते. पण याच संघटनेची पूर्वी अट होती की हालचाल सलग दहा मिनिटं तरी हवी. २०२० साली ती त्यांनी काढून टाकली. तुकड्यातुकड्यांनी केलेलंही धरलं जातं. आणि घड्याळातल्या दहा हजार पावलांचं म्हणाल, तर तो आकडा १९६५च्या सुमाराला जपानमध्ये पावलं मोजायचं यंत्र विकताना पुढे आला. तो गाठला नाही म्हणून रात्री अकराला हॉलमध्ये येरझाऱ्या घालायची गरज नाही.

हिशेब खात्यातल्या बाई त्या; पुढचं गणित त्यांनीच मांडलं. सीएसएमटीहून ऑफिसला त्या शेअर टॅक्सीने जायच्या. "चालत पंधरा मिनिटं, येताना पंधरा, पाच दिवस. दीडशेच झाले की!" संध्याकाळी गाडी पकडायच्या धांदलीत ते रोज जमायचं नाही, पावसाळ्यात तर कधीकधी सकाळीही नाही. तरी आठवड्याला शंभराच्या आसपास मिनिटं पडायला लागली, तीही वेगळा वेळ न काढता.

एकवीस दिवसांत सवय लागते असं सर्रास सांगतात. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात, २०१० साली तो छापून आला, सवय अंगवळणी पडायला १८ पासून २५४ दिवसांपर्यंत काहीही लागू शकतं असं दिसलं. मधला आकडा ६६. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते. मध्ये एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्यात फारसा फरक पडला नाही. बाईंना मी हे वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी ते दोनदा वाचायला लावलं.

छातीत दुखतं, चालताना दम फार लागतो, गुडघे किंवा पाठ आधीच त्रास देते, अशांनी ओट्याशी उभं राहण्याआधी डॉक्टरांना विचारावं.

साताठ महिन्यांनी बाई नवा रिपोर्ट घेऊन आल्या. ६.१चं ५.९ झालं होतं. डॉक्टर खूश होते. वजन जेमतेम किलोभर कमी, पण स्टेशनचा पूल मध्ये न थांबता चढता येत होता. बाईंचा चेहरा मात्र पडलेला.

"पॉइंट दोनच उतरलं, मॅडम. एवढं करून ५.७च्या खाली यायला..." त्या बोलता बोलता थांबल्या. "मी परत तेच करतेय ना?"

पुढची भेट मी तीन महिन्यांनंतरची दिली.