मसाईमारातला निळा-तांबूस पक्षी कोणता, आणि त्यातला नर कसा ओळखावा?

मसाईमारातल्या लॉजवर न्याहारीच्या टेबलापाशी बिनधास्त येणाऱ्या, निळ्या पाठीच्या आणि तांबूस पोटाच्या पक्ष्याविषयी आपण विचारले आहे. वर्णनावरून तो सुपर्ब स्टार्लिंग असावा. हा आपल्या साळुंकीच्याच कुळातला पक्षी असून त्याची वस्ती इथिओपिया, सोमालियापासून टांझानियापर्यंत आहे. नोकरीनिमित्त नैरोबीत राहत असताना मला तो रोज दिसे, तरी आरंभी मी त्याची हिल्डेब्रांट स्टार्लिंगशी गल्लत करीत असे. निळी छाती संपून तांबूस पोट सुरू होते तिथे सुपर्बला बारीक पांढरा पट्टा असतो. हिल्डेब्रांटला तो नसतो. प्रौढ सुपर्बचा डोळा दुधाळ पांढरा, तर हिल्डेब्रांटचा तांबडा असतो. लहान सुपर्बचे डोळे मात्र गडद असतात आणि त्याचा पट्टाही पुसट असतो.

नर ओळखण्याचा प्रश्न अवघड आहे, कारण नर आणि मादी दिसायला सारखेच असतात. झगमगाट नराकडे आणि साधेपणा मादीकडे, ही आपली समजूत बहुधा मोर-लांडोरीवरून झालेली आहे. हा पक्षी थव्याने राहतो आणि थव्यातील मोजक्याच जोड्या अंडी घालतात, तर बाकीचे त्यांच्या पिल्लांना किडे आणून भरवतात. साहजिकच विणीची संधी मिळवण्यासाठी माद्यांमध्येही चुरस असते. आफ्रिकेतील स्टार्लिंगांच्या अनेक जातींची तुलना करून 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात, जिथे अशी सहकारी वीण आहे तिथे नर-मादीतील फरक कमी आढळला. माद्यांमधील या चुरशीमुळेच त्यांनाही नरासारखी सजावट लाभली असावी, असे त्याचे स्पष्टीकरण दिले गेले.

मदतीचा हा व्यवहार केवळ नात्यापुरता नसतो. केनियातील लाइकिपिया भागात, म्पाला संशोधन केंद्राच्या परिसरात सुमारे 20 वर्षे केलेल्या निरीक्षणांतून असे दिसले की नात्यात नसलेले पक्षीही एकमेकांना हातभार लावतात आणि पुढे भूमिका बदलल्या की त्याची परतफेडही होते. रंगापेक्षा मला हेच अधिक विलक्षण वाटते.

पुन्हा जाणे झाले, तर काटेरी झाडांतील गवताची घुमटाकार घरटी शोधा आणि एकाच घरट्यावर चोचीत किडे घेऊन किती पक्षी येतात ते शांतपणे मोजा. दोनाहून अधिक दिसले, तर त्यांत आईबापांखेरीज मदतनीसही आहेत असे समजावे.