घोडबंदर रोडला राहतो. सोसायटीच्या फुकट दंततपासणीत चार रूट कॅनल सांगितलेत, पण दुखत काहीच नाही. भरवशाचा डेंटिस्ट कसा शोधू?

अ‍ॅडव्हान्स भरू नका. एक्स-रे काढून स्वतःकडे ठेवा आणि नेरूळच्या डी. वाय. पाटील किंवा तेरणा डेंटल कॉलेजच्या ओपीडीत दुसरं मत घ्या. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरची लोकल थेट जाते. तिथे तपासणारा विद्यार्थी आणि त्याला शिकवणारे डॉक्टर, दोघांचंही घर तुमच्या कॅपवर चालत नाही. आईच्या वेळी आम्ही हेच केलं: सांगितलेल्या तीनपैकी एकच रूट कॅनल लागलं, बाकी दोन दातांत नुसतं सिमेंट भरलं.

मग जवळचा डॉक्टर निवडताना एवढंच विचारा: "कीड कुठवर गेलीय, एक्स-रेवर दाखवा." रूट कॅनल साधारणपणे कीड आतल्या नसेपर्यंत पोचली की लागतं. वरच्या कवचापुरताच डाग असेल तर बरेचदा फ्लोराइड लावून काही महिन्यांनी पुन्हा बघतात. जो पेन्सिलीचं टोक ठेवून काळी सावली दाखवतो आणि "हा दात थांबू शकतो" असंही म्हणतो, तो धरून ठेवा. दात बघायच्या आधी ईएमआयचा कागद पुढे आला, तर चपला घाला.

फक्त न दुखणारा दात चांगलाच असतो असं नाही. मेलेली नसही गप्प बसते. आणि सूज किंवा ताप आला तर नेरूळची वाट न बघता त्याच दिवशी जवळच्या डॉक्टरकडे जा.